जुळ्यातली कालवड

आमची गाय जुळं व्याली तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की मेलं, आता आणखी दोन तोंडं. घरात माझी आधीच दोन होती, तीही जुळी. पोरगा आधी आला, पोरगी त्याच्या मागनं, आणि दोघं नुकती कुठं बोबडं बोलत घरभर पळायला लागली होती. जुळं सांभाळायचं म्हणजे काय असतं ते ज्यानं सांभाळलंय त्यालाच ठाऊक. एकाला उचलून घ्यावं तर दुसरं भोकाड पसरतं. त्यात गाईनंही तोच उद्योग करावा, याचा मला खरंच राग आला होता. गाईचा काय दोष म्हणा, पण राग काय विचारून येतो?

हे राहू गावाकडचं, दौंड तालुक्यातलं. नदीकाठचं रान, चहूकडं ऊस, आणि हंगामात गुऱ्हाळांचा धूर. माझं माहेर शिरूरकडं, कवठे येमाईच्या माळावर. दोन्हीकडची माणसं मूळची मेंढरं राखणारी. सासरची मेंढरं माझ्या लग्नाच्या आधीच विकली गेली होती आणि त्यांच्या जागी ऊस आला होता. माहेरी आप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, थोडी मेंढरं अजून ठेवली होती, काही हौस म्हणून आणि काही हातापायांना दुसरं काम ठाऊक नाही म्हणून. साल आता नेमकं आठवत नाही, पण नव्वदचं दशक सरत आलं होतं. उसाचं बिल वर्षातनं एकदा यायचं, त्यामुळं तेल-मीठ, दवाखाना, पोरांचे कपडे, सगळं चालायचं दुधावर. दोन संकरित गाई होत्या. आमच्याकडं तसल्या सगळ्याच गाईंना जर्शी म्हणत. एक काळी, एक तांबडी.

घरात दुधावर हुकूम आत्यांचा. आमच्यात सासूला आत्या म्हणतात. धारा काढायच्या माझ्या मालकांनी, शेणघाण काढायची मी, पण चरवी घरात आली की तिच्याजवळ आत्याच बसणार. दूध गाळायचं, चहापुरतं काढायचं, पोरासाठी एक पेला भरायचा आणि बाकीचं सगळं कॅनमध्ये ओतून डेअरीला. वरचा थेंब बोटानं निपटून कॅनमध्ये टाकायच्या, इतक्या काटकसरी. स्वतः मात्र दुधाला शिवायच्या नाहीत. गुळाचा कोरा चहा प्यायच्या. कुणी आग्रह केला की ठरलेलं उत्तर, मला दूध पचत न्हाई, पोट फुगतं. मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून हेच ऐकत होते.

आणि तो पोरासाठीचा एक पेला. तो माझ्या डोळ्यात सलायचा. पेला पोराचा. पोरानं निम्मा प्यायचा, निम्म्यात मिशा रंगवायच्या, नाकं मुरडायची आणि ठेवून द्यायचा. मग तळाशी राहिलेलं पोरगीनं प्यायचं. ती दारात उभी राहून भावाच्या पेल्याकडं टक लावून बघायची, केव्हा ठेवतोय म्हणून. मी एकदा-दोनदा म्हणून बघितलं, की दोघांना निम्मं निम्मं करू. तर आत्या म्हणाल्या, पोरीच्या जातीला दूध देऊन काय कुस्तीला पाठवायचीय का. मालक असल्या बोलण्यात पडायचे नाहीत. त्यांना कुठल्यातरी बांधावर काहीतरी काम आठवायचं.

तर ती काळी व्याली. पहिला गोऱ्हा आला. मालक वार, म्हणजे जार, पडायची वाट बघत बिडी शिलगावून बसले, तर गाईनं पुन्हा कळ दिली आणि आणखी दोन खुरं दिसली. आली ती कालवड. एवढीशी, कान लोंबलेले, अंगावर चिकट पाणी. मी गोणपाटानं दोघांना पुसलं, नाळेला आयोडीन लावलं आणि कालवडीचं तोंड सडाला लावायला गेले. आत्या म्हणाल्या, थांब, वार पडू दे, त्याआधी पाजू नये. आणि त्यांचं निम्मं लक्ष चिकाकडं. खरवस करायचा होता, आळीत वाटायचा होता. मी काही थांबले नाही. आमच्या माळावर कोकरू उठून उभं राहायच्या आत आप्पा त्याचं तोंड सडाला लावायचे. जे कोकरू पहिल्या चिकाला मुकलं ते आठवडाभरात आडवं झालंच म्हणून समजा. मेंढीला जे लागू तेच गाईला, असा माझा सरळ हिशोब. कालवडीनं तोंडात सड धरून दोन ढुशा दिल्या आणि चिकानं तिचं पोट तटतटलं. वार त्यानंतर कितीतरी वेळानं पडली. आत्या दिवसभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत आणि खरवस एकाच ताटात मावला.

आता सवाल आला ठेवायचं कुणाला. गोऱ्ह्याचा प्रश्न नव्हताच. जर्शीच्या गोऱ्ह्याला वशिंड नाही, उन्हात औताला टिकत नाही, त्याला दूध पाजून कोण पोसणार? तो चार दिवस आईला लावला आणि टेंपोवाल्या व्यापाऱ्याला देऊन टाकला. असं सगळीकडं चालायचं, आमच्याकडंही चाललं. तेव्हा चूल सारवता सारवता माझ्या मनात आलं होतं, की गोठ्यात गोऱ्हा नकोसा आणि घरात पोरगी. असला कसला उलटा न्याय? पण ते मी बोलले नाही. बोलले असते तर पोराला गोऱ्ह्याच्या पंगतीला बसवते म्हणून सगळ्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं.

खरी अडचण दुसरीच होती. तांबडी गाय पंधरवडाभर आधी व्याली होती आणि तिलाही कालवडच झाली होती. चांगली थोराड, एकटी वाढलेली. दोन कालवडींना दूध पाजायचं तर डेअरीचं माप घसरणार, म्हणून आत्यांनी सांगितलं, एकच ठिवा. सगळ्यांचं मत तांबडीच्या कालवडीकडं. तेवढ्यात आप्पा एस.टी. बदलत बदलत आले, जुळं बघायला. त्यांनी काळीच्या कालवडीची पाठ चाचपली, तोंड उघडून बघितलं आणि म्हणाले, ही ठेवा. मेंढरात जुळ्यातली मादी कधी विकू नये, तिच्या पोटीही जुळं येतं, कळप दुणावतो. आप्पांचा शब्द. अख्खा जन्म ज्यानं मेंढरांच्या मागं काढला तो माणूस सांगतोय म्हटल्यावर आमच्या घरात कोण नाही म्हणणार? आत्यासुद्धा मेंढरांच्याच घरातल्या, त्यांनी मान डोलावली. तांबडीची कालवड शेजारच्या काकींनी घेतली. काकी म्हणजे मालकांच्या चुलत घरातल्या. आमच्या गोठ्याला आणि त्यांच्या गोठ्याला मध्ये एकच कूड.

त्याच दिवशी मी आत्यांसमोर जाऊन बसले. आप्पा अजून अंगणात होते, म्हणून अंगात थोडं बळ होतं.

"कालवड मी वाढवते," मी म्हणाले. "डेअरीचं माप तुटू देत न्हाई. पर ती व्याली की तिच्या धारंतला एक पेला माझ्या पोरीचा. पुरा. मग मधी कुणी बोलायचं न्हाई."

आत्यांनी माझ्याकडं बघितलं, मग दारात उभ्या असलेल्या पोरीकडं.

"बरं," त्या म्हणाल्या. "आधी वाढीव तर."

झालं, करार झाला. त्या दिवसापासून तिला सगळे पोरीची कालवड म्हणायला लागले, थट्टेनं का होईना.

वाढवायचं म्हणजे कसं, तर दुधाला हात आखडून आणि वासराच्या पोटाला न आखडता. हे कसरतीचं काम. आईखाली सोडलं तर वासरू किती पितं आणि गाय किती चोरून ठेवते याचा पत्ता लागत नाही. म्हणून मी तिला पहिल्या आठवड्यातच बादलीवर घेतलं. बादलीत कोमट दूध, त्यात माझा हात, दोन बोटं वर. वासरू बोटं चोखायला येतं आणि दूध ओढायला लागतं. मग बोटं हळूच काढून घ्यायची. पहिल्या दिवशी तिनं बादली उपडी केली, दुसऱ्या दिवशी माझ्या लुगड्यावर शिंकली, आणि तिसऱ्या दिवशी मला बघितल्यावरच हंबरायला लागली. दूध धारोष्ण पाहिजे. थंड झालं की हगवण लागलीच. बादली रोज राखेनं घासायची आणि उन्हात पालथी घालायची. हे सगळं डेअरीच्या डॉक्टरांनी एकदा देवळात बैठक घेतली होती तेव्हा मी मागं खांबाला टेकून ऐकलं होतं. पुढं बसलेले बापे तंबाखू मळत होते.

दूध कमी करायचं तर पोटात दुसरं काही गेलं पाहिजे. बाजारातल्या तयार खाद्याची पोती आम्हाला परवडणारी नव्हती. मग मी घरीच जमवलं. बांधावरचा मका गिरणीतनं जाडसर भरडून आणायचा, त्यात घाण्यावरची शेंगदाण्याची पेंड फोडून टाकायची, गव्हाचा भुसा, चिमूटभर मीठ आणि डॉक्टरांनी दिलेली क्षारांची पूड. दूध पिऊन झाल्या झाल्या तिची चोखायची उबळ चालूच असायची. तेवढ्यात हा भरडा मुठीनं तिच्या तोंडात सारायचा. आधी तोंड वाकडं करायची. मग चाटायची. मग मूठ पुरेना, घमेलं लागलं. जसजसा भरडा वाढला तसतसं दूध कमी केलं, एकदम न तोडता. लसूणघास कापून थोडा सुकवून टाकायचा, ओला कोवळा टाकला की पोट फुगतं. पाणी सदा समोर. खाली उसाचं पाचट अंथरायचं, ते फुकटचं, आणि ओलं झालं की काढून खतात. बसायची जागा कोरडी असेल तर वासराचं निम्मं दुखणं तिथंच जातं.

दुखणी आली नाहीत असं नाही. एकदा ती माती चाटताना सापडली. सुतळीचं मुसकं विणून तिच्या तोंडाला बांधलं आणि जंताचं औषध पाजलं. मग एकदा पांढरी हगवण लागली, डोळे खोल गेले, मान टाकली. त्या दिवशी मी रानातलं काम सोडून गोठ्यातच बसले. मालक म्हणाले, कशाला एवढा जीव टाकतीस, वासरूच हाय. मी म्हणाले, ते वासरू न्हाई, माझ्या पोरीचा पेला हाय. गुळाचं पाणी, त्यात मीठ, आणि तांदळाची पेज, असं दिवसभर थोडं थोडं पाजत बसले. संध्याकाळी तिनं कान हलवले. पोरगी शेजारी बसून तिच्या कपाळावर हात फिरवत होती आणि मला विचारत होती, माझी गाय दूध कवा देणार? मी म्हणाले, तू शाळेत जाशील तवा.

वर्ष-सव्वा वर्षात कालवड अशी भरली, की वाटेनं जाणारा थांबून बघायचा. चकचकीत कातडी, रुंद पाठ, आडदांड. कुडाच्या पलीकडची काकींची कालवड, जी जन्मताना थोराड होती, ती हिच्यापुढं किरकोळ दिसायला लागली. काकींना ते सोसेना. कुडावरनं डोकावून म्हणायच्या, काय गं, हिची मान बघ की, खोंडासारखी दिसतीय, काय चारतीस तरी काय? मी त्यांना पेंडीचं प्रमाण सांगायचे, जरा वाढवूनच. मला तोरा चढला होता, खोटं कशाला बोलू. आत्यासुद्धा पाहुण्यारावळ्यांना गोठा दाखवायला न्यायच्या आणि म्हणायच्या, आमच्या सूनबाईनं वाढिवलीय, डेअरीचं माप न तोडता. हे वाक्य मी कुडाच्या आडून दोन-तीनदा ऐकलं आणि प्रत्येक वेळी मला गोड वाटलं.

मान खोंडासारखी. ते तेव्हाच कळायला पाहिजे होतं. तिची सडंही बारीकच होती, मुगाच्या दाण्याएवढी, आणि ती वाढायचं नाव घेत नव्हती. मी म्हणायचे, येतील, गाभण राहिली की येतील.

काकींची कालवड माजावर आली, भरवली, गाभणही राहिली. आमची काही माजावर येईना. रोज सकाळी मी तिच्या मागं उभी राहून बघायचे, सोट, म्हणजे माजाचा चिकट स्राव, लागलाय का, हंबरतीय का, दुसऱ्या गाईवर चढतीय का. काही नाही. ती आपली शांतपणे रवंथ करत माझ्याकडं बघायची. मोड आलेले हरभरे चारले, मोड आलेली मटकी चारली, क्षारांची पूड वाढवली. शेवटी मालकांनी डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टर मोटरसायकलवरनं आले. खांद्यापर्यंत हातमोजा चढवला, कालवडीला गुरं अडकवायच्या लाकडी खोड्यात घातलं, तपासलं. बराच वेळ आत चाचपत राहिले आणि मग हात काढून विचारलं, ही जुळी होती का? मी म्हणाले, व्हय. संगती काय होतं? गोऱ्हा. डॉक्टरांनी मोजा उतरवला.

"ही गाभण राहणार नाही," ते म्हणाले. "हिला पिशवीच नाही. गोऱ्ह्याबरोबर जन्मलेल्या कालवडीचं बहुतेक असंच होतं."

मी म्हणाले, असं कसं, आमच्या मेंढरात तर जुळ्यातलीच मादी राखतात. ते म्हणाले, मेंढरात चालतं, गाईत नाही. गाईच्या पोटात दोघांचं रक्त एकमेकांत मिसळतं आणि गोऱ्ह्याच्या रक्तानं मादीची पिशवी खुंटते. जन्मली तेव्हाच विचारलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं. हे सगळं त्यांनी काही वाईट न वाटता सांगितलं. त्यांचं रोजचंच काम होतं. मी मात्र खोड्याचं लाकूड धरून उभी राहिले. किती भरडा, किती घास, किती बादल्या. आणि ज्याच्यासाठी हे केलं ते येणारच नव्हतं. मला रडू आलं आणि रडू आलं म्हणून आणखी चीड आली.

पोरगी तेव्हा तांब्या घेऊन डॉक्टरांच्या हातावर पाणी घालत होती. काकी कुडावरनं बघत होत्या. त्यांनी पोरीकडं बोट केलं आणि म्हणाल्या, ही बी जुळ्यातलीच की, हिचं बी आत्ताच इचारून घ्या डॉक्टरला. डॉक्टर हसले. म्हणाले, माणसाचं तसं नसतं, बाई. आणि गाडीला किक मारून गेले.

डॉक्टर गेले, पण काकींचा शब्द काही गेला नाही. गावात शब्दाला पाय फुटायला कितीसा वेळ लागतो? आठवडाभरात तो पाणवठ्यावर गेला, देवळात गेला, बचत गटाच्या बैठकीत गेला. बायका माझ्या पोरीकडं बघून कुजबुजायच्या. एकीनं तर मला मायेनं सांगितलं, आतापासूनच लांबचं स्थळ बघून ठेव, जिथं कुणाला ठाव न्हाई. पोरीचे दुधाचे दात पडले नव्हते अजून. मी त्या बाईला काय म्हणाले ते इथं लिहीत नाही.

आप्पांना निरोप गेला होता. ते ओळखीचा टेंपो घेऊनच आले. गोठ्यात जाऊन कालवडीपुढं उभे राहिले, तिच्या गळ्याखाली खाजवलं. मला वाटलं आता काही समजूत काढतील. ते एवढंच म्हणाले, माझ्या सांगण्यावरनं ठिवली, मी नेतो. मालक नको नको म्हणाले, बाजारात काहीतरी येतील म्हणाले. आप्पांनी ऐकलंच नाही. कालवड टेंपोत चढेना, मी बादली पुढं धरली तेव्हा चढली. पोरगी ओक्साबोक्शी रडली. माझ्या गाईला कुठं नेता, म्हणून टेंपोमागं पळाली. पुढं ती कालवड माळावर मेंढरांत राहिली, त्यांच्याबरोबर चरायला जायची, त्यांच्याबरोबर परत यायची, आणि आप्पा सगळ्यांना सांगायचे, ही माझी थोरली मेंढी.

त्यानंतरची गोष्ट गिरणीतली. मी आणि आत्या दळण घेऊन गेलो होतो. काकी आधीच तिथं बसलेल्या, आणखी तीन-चार बायका. गिरणीच्या आवाजात मोठ्यानं बोलावं लागतं, त्यामुळं तिथलं कुठलंच बोलणं खासगी राहत नाही. काकी म्हणाल्या, कालवड गेली व्हय गं माळाला? बरं झालं. आता पोरीचं तेवढं बघा. जुळ्यातल्या मादीची कूस बंदच असती, डॉक्टरच म्हणाला न्हवं.

माझ्या हातात पिठाचा डबा होता. तो मी फेकणारच होते, आत्यांनी माझं मनगट धरलं. आजवर कुणावर आवाज चढवताना मी त्यांना पाहिलं नव्हतं, तेव्हाही चढवला नाही. पण गिरणीवाल्यानं पट्टा सरकवून गिरणी थांबवली होती, त्यामुळं सगळ्यांना ऐकू गेलं.

"मी जुळ्यातलीच हाय," आत्या म्हणाल्या. "भावाच्या पाठोपाठ आले. आन् ह्या घराला पाच लेकरं दिली. पुना माझ्या नातीचं नाव वासराच्या संगं घेऊ नगंस."

काकींनी आपलं दळण पुढं ओढलं. इतकी वर्षं त्या घरात नांदले आणि आत्या जुळ्यातल्या आहेत हे मला पहिल्यांदा कळत होतं. त्यांच्या भावाला मी दोनदा बघितलं होतं. उंचापुरा, पैलवानी अंगाचा माणूस. आणि आत्या ह्या एवढ्याशा, माझ्या खांद्याला लागणाऱ्या. ते दोघं एका पोटातनं एका दिवशी आले असतील असं कुणाच्या मनातही आलं नसतं.

पीठ डोक्यावर घेऊन आम्ही घराकडं निघालो. खरं तर मला त्यांच्या पाया पडावंसं वाटत होतं. पण माझा स्वभाव तसला नाही, माझ्या तोंडातनं भलतंच आलं. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये चाकोरीची वाट, त्या पुढं आणि मी मागं.

"आत्या, तुमी सोता जुळ्यातल्या," मी म्हणाले. "मग माझ्या पोरीला पेला का न्हाई दिला?"

त्या चालतच राहिल्या. मला वाटलं ऐकू गेलं नाही. पाटाच्या फरशीवरनं पलीकडं गेलो तेव्हा मागं न बघता म्हणाल्या, "मला तरी कुठं दिला व्हता?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता आणि रडणंही नव्हतं. एखादी रीत सांगावी तसं सांगितलं. मी डोक्यावरचं पीठ सावरत त्यांच्या मागं चालत राहिले. वाटेत मला त्यांच्या भावाची पैलवानी पाठ आठवत होती. मी दीड-दोन वर्षं एका वासराच्या जिवावर पोरीचा पेला मागत बसले होते. घरात चरवीभर दूध रोज येत होतं आणि तिथं मागायचं सोडून मी ते गाईकडं मागत होते, ह्याचा मला वाटेतच संताप आला. पण आत्यांवर नाही आला. त्यांच्यावर रागवायला काही धरायलाच सापडेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी चरवी आणून ठेवली. आत्या नेहमीसारख्या बसल्या. गाळणं घातलं, दूध गाळलं, चहापुरतं काढलं. मग फळीवरचे दोन पेले घेतले आणि दोन्ही भरले. आधी एक, मग दुसरा, मग पहिल्यात थोडं कमी वाटलं म्हणून वरनं आणखी घातलं. पोरानं सवयीनं दोन्हीला हात घातला तशी त्याच्या हातावर चापट बसली. तो बघतच राहिला. पोरगी दारातच उभी होती, भावाचं संपायची वाट बघत. तिला कळेचना. आत्यांनी पेला तिच्यापुढं सरकवला.

"तुझा हाय," म्हणाल्या. "पी."

पोरीनं आधी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. मग दोन्ही हातांनी पेला धरून तिनं तो न थांबता संपवला. कुणीतरी काढून घेईल की काय, अशा घाईनं.

मालक कॅनचं झाकण लावायला आले. मी म्हणाले, थांबा. फळीवरनं तिसरा पेला काढला, चरवीतलं दूध त्यात काठोकाठ ओतलं आणि आत्यांपुढं ठेवला. मालक माझ्याकडं बघायला लागले. डेअरीचं माप आज दोन पेल्यांनी कमी भरणार होतं.

"मला दूध पचत न्हाई," आत्या म्हणाल्या. "ठाव हाय न्हवं तुला."

मी पेला उचलला नाही. पाटी घेतली आणि शेण काढायला गोठ्यात गेले. मुद्दामच वेळ लावला. कालवडीच्या रिकाम्या जागेवरचं पाचटसुद्धा झाडून काढलं. परत आले तर आत्या भाजी निवडत बसल्या होत्या आणि पेला धुऊन फळीवर पालथा घातलेला होता. मी दिवसभर त्यांच्यावर नजर ठेवून होते. दुपारी त्या रानात खुरपायला आल्या, संध्याकाळी भाकरी खाल्ली, रात्री वेळेवर झोपल्या. पोटाला काही झालं नाही.